अडून बसलेला बोल्ट



घरची मोटार घरींच दुरुस्त करण्याची हौस ज्यांना आहे, त्यांच्या वांट्याला एक प्रसंग हमखास येतो. रविवारची सकाळ असते. चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलेलें असतें. नवा शॉक-अब्सॉर्बर खोक्यांतून बाहेर येऊन आपल्या जागेची वाट पाहत असतो. स्वयंपाकघरांतून पोह्यांचा वास येत असतो, आणि 'अर्ध्या तासांत हात धुवून येतों' असें आपण आंत सांगून बसलेलों असतों. अशा वेळीं जुन्या शॉक-अब्सॉर्बरचा खालचा बोल्ट अडून बसतो, तो कांहीं केल्या हलत नाहीं. पान्हा लावावा तर घसरतो. जोर करावा तर हात सोलतो. पोहे निवतात, दुपार होते, आणि शेवटीं आपण संतापून पान्ह्याच्या दांड्यावर एक लांब नळी चढवितों आणि सगळ्या अंगाचा भार तिच्यावर टाकतों. 'कट्ट' असा आवाज होतो. क्षणभर वाटतें, सुटला! परंतु तो सुटलेला नसतो, तुटलेला असतो.

या सुटण्यांत आणि तुटण्यांत जें अंतर आहे, त्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. बोलण्यांत 'नट' हा शब्द वारंवार येईल. ज्या सांगलींत विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तिच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकतांच वेगळी आठवण होणें स्वाभाविक आहे. पण आजचा आपला नट षट्‌कोनी आहे, पोलादी आहे, आणि त्याच्या रुसण्याचीं कारणेंहि निराळीं आहेत.

मी राहतों त्या पलूस तालुक्याला लोखंडाची ओळख जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगांवांतील आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ त्यांना दिला, आणि १९१० सालीं त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथें तयार झालेल्या लोखंडी नांगरानें शेतकऱ्याच्या घरांत नांगराबरोबर पान्हाहि नेला. कारण लोखंडी नांगराचा फाळ बोल्टांनीं बसविलेला असतो; झिजला कीं सोडवून नवा घालतां येतो. जोडलेली वस्तु पुन्हां सोडवितां येते, हेंच बोल्टाचें सारें महत्त्व. खिळा ठोकला कीं ठोकला, रिव्हेट बसली कीं बसली. बोल्ट मात्र परतीची वाट राखून आंत जातो. तो अडून बसला, म्हणजे ती वाट बंद झाली असें समजावें.

याच तालुक्यानें लोखंडाचा शत्रूहि जवळून पाहिला आहे. २०१९ च्या ऑगस्टांत, आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत, कृष्णेला महापूर आला. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर अशा नदीकांठच्या गांवांत पाणी शिरलें. माणसें आणि जनावरें हलवितांना गाड्यांची आठवण कोणाला राहणार? २०१९ च्या पुरांत आमची एक जुनी जीप एका नातलगाच्या अंगणांत चार दिवस पाण्यांत उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिन उघडून धुतलें, तेल बदललें, गाडी सुरू झाली, आणि आम्ही समाधान पावलों. खालीं, कमानपाट्यांच्या आणि शॉक-अब्सॉर्बरच्या सांध्यांत बसलेला गाळ कोणी पाहिला नाहीं. तो गाळ पुढें दीड वर्ष आपलें काम मुकाट्यानें करीत होता.

दीड वर्षानें मागचे शॉक-अब्सॉर्बर बदलण्यास मी आणि माझा पुतण्या बसलों. गाडी नुसत्या जॅकवर उचललेली होती. पुतण्या खालीं सरकून दुसऱ्या बाजूचा पान्हा धरून निजला होता. 'जरा बाहेर येऊन पाणी पी,' असें मीं सहज म्हटलें. तो बाहेर आला. तेवढ्यांत मला अवसान चढलें. त्याचा पान्हा मीं चेसीला टेकवून ठेवला आणि माझ्या नळीवर भार टाकला. बोल्ट तुटला, मी पाठीवर पडलों, आणि गाडी जॅकवरून सरकून खालीं आदळली. क्षणापूर्वीं जेथें पुतण्याची छाती होती, तेथें आतां मागचा आंस टेकला होता. कोणालाहि कांहीं इजा झाली नाहीं. परंतु त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पलूसचे एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनीं तुटका तुकडा उजेडाकडे धरला, अंगठ्यानें त्याचा गंज पुसला आणि म्हणाले, "सर, ह्यो बोल्ट सुटत नव्हता म्हणून तुटला न्हाई, तुमाला घाई हुती म्हणून तुटला. आदी गाडी नीट हुबी करा, मग बोल्टाचं बघू." पुढें मी जें सांगणार आहें, त्यांतील पुष्कळसें त्यांच्याकडून शिकलों आहें, त्याची कारणमीमांसा मागाहून पुस्तकांतून जुळविली.

बोल्ट धरून कशामुळें राहतो, हें प्रथम पाहूं. घाटाचा रस्ता जसा डोंगराला वळसे घेत चढतो, तसे बोल्टाचे आटे त्याच्या अंगाभोंवतीं चढत गेलेले असतात. नट फिरविला कीं तो या घाटानें वर चढतो, आणि शेवटीं आवळला जातांना बोल्टाला किंचित् ताणतो. ताणलेला बोल्ट रबरासारखा मागें येऊं पाहतो आणि दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. परंतु आवळतांना आपण जो जोर लावतों, त्याचा फारच थोडा अंश या ताणण्यांत खर्च होतो. शंभर भाग जोर लावला, तर सुमारें पन्नास भाग नटाच्या तळाखालच्या घर्षणांत जातात, सुमारें चाळीस आट्यांतील घर्षणांत जातात, आणि जेमतेम दहा भागांनीं बोल्ट ताणला जातो. याचा अर्थ असा, कीं नव्या बोल्टाचा सुद्धां बहुतेक सारा व्यवहार घर्षणाशीं आहे.

आतां त्यांत गंजाची भर पडली म्हणजे काय होतें? लोखंड गंजतांना हवेंतील प्राणवायु आणि पाणी यांना आपल्यांत सामावून घेतें, आणि तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. आट्यांमधील फट केंसाएवढी. तींत एवढी जागा कोठून असणार? पावसाळ्यांत भिजून फुगलेलें दार जसें चौकटींत अडकतें, तसा बोल्ट नटांत अडकतो. त्यांतच आमच्याकडची काळी माती आट्यांच्या तोंडाशीं घट्ट बसली, तर ती ओलावा धरून ठेवते आणि गंजाला उन्हाळ्यांतहि उपाशी राहूं देत नाहीं. अॅल्युमिनियमच्या भागांत पोलादी बोल्ट असेल, तर या दोन धातूंच्या विद्युत्-व्यवहारानें अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन तीहि तशीच आवळते.

अशा वेळीं पान्ह्यानें लावलेला पीळ आट्यांपर्यंत पोंचण्यापूर्वीं बोल्टाच्या अंगांतून जातो. आट्यांची पकड बोल्टाच्या अंगापेक्षां बलवान् झाली असेल, तर अंग आधीं तुटतें. हिशेब साधा आहे. फूटभर लांबीच्या पान्ह्यावर तीस किलोंचा जोर लावला, तर १२ मिलीमीटर जाडीचा चांगला पोलादी बोल्ट जितका आवळावयाचा असतो, तितका पीळ जवळजवळ मिळतो. नळी घालून ती लांबी तीन फूट केली, कीं त्याच तीस किलोंनीं तिप्पट पीळ पडतो. आणि एवढें सोसण्याची ताकद त्या बोल्टांत नसते. म्हणून नळी हें उपायांतलें पहिलें पाऊल नव्हे. आपला जोर वाढविण्यापूर्वीं गंजाची पकड कमी करावयाची, हें या विद्येचें सार आहे.

त्याहिपूर्वीं गाडी. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, आधाराचें नव्हे. जमीन सपाट व टणक असावी. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनीं अडणी लावावी. आणि गाडीचा भार चेसीखालीं ठेवलेल्या पोलादी स्टँडवर उतरवावा. विटांचा ढीग कधींहि वापरूं नये. भाजलेली वीट दाब सोसते, पण एका कोपऱ्यावर भार आला कीं सूचना न देतां फुटते. स्टँड लावल्यावर गाडीला हातांनीं चांगला हिसका द्यावा. हलावयाची असेल, तर ती आपण बाहेर असतांना हलूं द्यावी. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण गंजाचा कण डोळ्यांत गेला तर बोल्टाची गोष्ट बाजूस राहून डॉक्टरांची सुरू होते.

आतां क्रम ऐका. प्रथम तारेच्या ब्रशानें नटाबाहेर आलेले आटे स्वच्छ करावे. नट सुटून बाहेर येणार तो त्याच वाटेनें. वाटेंत माती आणि गंज ठेवून त्याला बाहेर बोलावण्यांत अर्थ नाहीं. मग बाजारांत मिळणारें झिरपणारें तेल, किंवा तें नसल्यास रॉकेलांत थोडें पातळ तेल मिसळून, आट्यांच्या तोंडाशीं सोडावें. घट्ट तेल येथें निरुपयोगी. केंसाएवढ्या फटींत पातळच शिरतें. आणि शिरण्यास त्याला वेळ लागतो. पांच मिनिटांनीं पाहून 'कांहीं उपयोग नाहीं' म्हणणारा मनुष्य तेलावर अन्याय करतो. शनिवारीं सकाळीं एकदां, संध्याकाळीं एकदां, आणि रविवारीं काम सुरू करण्यापूर्वीं पुन्हां एकदां तेल द्यावें. दर वेळीं बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे दहावीस बेताचे ठोके द्यावे. या ठोक्यांनीं गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला आंत जाण्यास वाट मिळते. मात्र आट्यांच्या उघड्या टोंकावर ठोकूं नये. तें टोंक पसरलें तर नट कधींच बाहेर येणार नाहीं.

पान्हा तोंड उघडें असलेला घेऊं नये. तो नटाच्या दोनच बाजू धरतो आणि कोपरे गोल करून टाकतो. सहा बाजूंनीं धरणारा, मापाचा, बंद पान्हा किंवा सॉकेट घ्यावें आणि तें पुरतें खालपर्यंत बसवावें. मग सर्वांत चमत्कारिक वाटणारी गोष्ट: नट सोडविण्यापूर्वीं तो अगदीं किंचित् आवळावा. गंजाची पकड कोणत्या का दिशेनें होईना, एकदां मोडली म्हणजे झालें. किंचित् हालचाल झाली कीं लगेच हर्ष होऊन एकदम फिरवूं नये. पाव वळसा सोडवावा, थोडें तेल द्यावें, अर्धा पाव परत आवळावा, पुन्हां सोडवावा. सुटलेला गंजाचा चुरा अशा मागेंपुढें करण्यानें दळला जाऊन बाहेर पडतो; तसें न केल्यास तोच चुरा पुढच्या आट्यांत पाचरीसारखा बसतो. फिरवितांना हाताला काय जाणवतें, इकडे लक्ष ठेवावें. नट सुटतांना एक करकर जाणवते, प्रत्येक अंशाला विरोध जाणवतो. परंतु बोल्ट पिळला जात असेल, तर हाताला मऊपणा जाणवतो. पान्हा फिरतो, पण ओल्या दोरीला पीळ द्यावा तसा. हा मऊपणा जाणवला कीं त्याच क्षणीं थांबावें. माझ्या हाताला तो त्या दिवशीं जाणवला होता, आणि मीं त्याचा अर्थ 'आतां सुटतो आहे' असा केला.

तेलानें न भागल्यास उष्णता. १२ मिलीमीटर बोल्टाचा नट तीनशें अंशांनीं तापविला, तर त्याचें भोंक सुमारें चार शतांश मिलीमीटरनें मोठें होतें. हें अंतर केंसाच्या जाडीहूनहि कमी आहे; पण गंजाचा थर फोडण्यास तेवढें पुरतें. तापवावयाचा तो नट, बोल्ट नव्हे. परंतु येथें मी हात जोडून सांगतों, कीं गाडीच्या खालीं ज्योत नेण्यापूर्वीं दहा वेळां विचार करा. आपण नुकतेंच रॉकेल सोडलेलें असतें. जवळ ब्रेकची रबरी नळी असते, कांहीं गाड्यांत पेट्रोलची टाकीहि तेथून हातभरावर असते. आणि शॉक-अब्सॉर्बर ही तेलानें, पुष्कळदां दाबाखालच्या वायूनेंहि, भरलेली बंद नळी आहे. ती तापवूं नये. हें काम शक्यतों वर्कशॉपांतच व्हावें.

गाडीच्या या भागांत एक विशेष अडचण असते, ती समजली नाहीं तर मनुष्य दिवस घालवितो. पुष्कळदां नट सहज सुटतो, पण बोल्ट बाहेर येत नाहीं. डोकें फिरविलें तर थोडें फिरतें आणि सोडतांच परत येतें. कारण हा बोल्ट रबरी बुशाच्या मधल्या पोलादी नळींतून जातो, आणि गंज त्या नळींत व बोल्टांत धरलेला असतो. आपण बोल्ट फिरवितों तेव्हां नळीहि फिरते आणि भोंवतालचें रबर पिळलें जातें. हाताला जाणवतो तो त्या रबराचा परतीचा झोल. येथें तेल आंतपर्यंत पोंचत नाहीं आणि उष्णतेनें रबर जळून धूर होतो. बुश जुनें झालेलें असेल, तर सरळ मार्ग हाच, कीं बुश आणि त्याला धरणारी पट्टी यांच्यामधील फटींत लोखंड कापण्याची करवत घालून बोल्ट दोन्ही बाजूंनीं कापावा आणि बोल्टासह बुश नवें घालावें. यांत पराभव कांहीं नाहीं.

कमानपाट्यांना आंसाशीं बांधणारे यू-बोल्ट अडले, तर तेहि कापून नवेच घालावे. एकदां ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हां वापरणें शहाणपणाचें नव्हे. पण ते कापण्यापूर्वीं पाट्यांची थप्पी मजबूत शिकंज्यांत धरलेली असावी. तसेंच, ज्या गाड्यांना गुंडाळीची स्प्रिंग आणि शॉक-अब्सॉर्बर एकत्र असतात, त्यांचा वरचा मधला नट स्प्रिंग दाबण्याच्या हत्याराशिवाय कदापि सोडवूं नये. तो नट शेंकडों किलोंची शक्ति कोंडून बसलेला असतो. तो अडला नाहीं, सहज सुटला, तर अधिकच वाईट.

इतकें करूनहि बोल्ट तुटलाच, तर काय? प्रथम हत्यारें खालीं ठेवून चहा घ्यावा. हें मी विनोदानें सांगत नाहीं. तुटल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत माणसें जी चूक करतात, ती निस्तरण्यास तुटलेल्या बोल्टाहून अधिक वेळ लागतो. तुकडा थोडा बाहेर असेल, तर तेल देऊन, कानशीनें दोन बाजू सपाट करून पान्हा लागतो का पाहावें. वेल्डिंग करणाराकडून त्या तुकड्यावर नवा नट जोडून घेणें याहून उत्तम. जोडकामाची उष्णता गंज फोडते, आणि नटानें धरावयास डोकेंहि मिळतें.

तुकडा पृष्ठभागाशीं सपाट तुटला असेल, तर भोंक पाडणें आलें. येथें सारी करामत मध्यबिंदूंत आहे. कानशीनें तोंड सपाट करावें, टोच्यानें अचूक मध्यावर खूण करावी, आणि १० मिलीमीटरच्या बोल्टाला आधीं ३ मिलीमीटरचें, मग क्रमानें मोठें भोंक, तेल देत, सावकाश पाडावें. उलट्या दिशेनें फिरणारें ड्रिल मिळाल्यास भोंक पाडतां पाडतांच तुकडा सुटून येण्याचा संभव असतो. उलट्या आट्यांचे 'एक्स्ट्रॅक्टर' मिळतात. भोंकांत घालून फिरविले कीं ते आवळत जातात आणि तुकडा बाहेर ओढतात. पण एक लक्षांत ठेवावें, कीं हें हत्यार अतिशय कठीण आणि म्हणूनच ठिसूळ पोलादाचें असतें. तें आंत तुटलें, तर घरचें कोणतेंहि ड्रिल त्याला कापूं शकत नाहीं. ज्या तुकड्यानें पान्ह्याला दाद दिली नाहीं, त्याच्यावर बारीक एक्स्ट्रॅक्टरचा बळजोर करणें म्हणजे एका चोराला पकडण्यास दुसऱ्या चोराला घरांत घेणें होय. येथें थांबून मिस्त्रींना बोलवावें.

परत जोडतांना जुना गंजलेला किंवा तापविलेला बोल्ट फेंकून द्यावा, आणि त्याच जाडीचा, त्याच आट्यांचा व डोक्यावर त्याच ताकदीचे आंकडे असलेला नवा घ्यावा. बोल्टाच्या अंगाला, जेथें तो बुशाच्या नळींतून जातो तेथें, ग्रीसचा पातळ हात द्यावा. आट्यांना मात्र तेल-ग्रीस लावल्यास घर्षण कमी होतें आणि तेवढ्याच जोरानें बोल्ट अधिक ताणला जातो, हें वर सांगितलेल्या हिशेबावरून ध्यानांत येईल. म्हणून कारखान्याच्या पुस्तकांत काय सांगितलें आहे, तें पाहावें. रबरी बुशाचा बोल्ट शेवटचा आवळावयाचा, तो गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतांना. लोंबत्या अवस्थेंत आवळला, तर गाडी खालीं येतांच रबर कायमचें पिळलेलें राहतें आणि लवकर फाटतें. आठवडाभर गाडी चालविल्यावर सगळे बोल्ट पुन्हां एकदां तपासावे.

आमच्या जीपचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. मिस्त्रींनीं त्या दिवशीं तुटका तुकडा काढला नाहींच. त्यांनीं गाडी चार स्टँडवर उभी केली, दुसऱ्या बाजूचा बोल्ट तारेच्या ब्रशानें घासला, बाटलींतलें रॉकेल-तेल सोडलें, हातोडीचे मोजके ठोके दिले आणि ते घरीं गेले. संध्याकाळीं येऊन पुन्हां तेंच केलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं पुतण्याच्या हातांत फूटभराचा साधा पान्हा दिला. तोच पूर, तोच गाळ, तेंच वय. परंतु तो बोल्ट एका हातानें, करकर करीत, सावकाश सुटला. पुतण्यानें तो मला दाखविला. त्याच्या आट्यांवर तांबूस तेल चमकत होतें.

तुटलेल्या बाजूस पुढें आणखी दोन दिवस लागले. पुतण्या अजून रविवारीं गाडीखालीं जातो. जाण्यापूर्वीं तो स्टँड लावतो आणि गाडीला दोन्ही हातांनीं जोराचा हिसका देतो. मी तेवढ्यापुरता पोहे ठेवून बाहेर येतों आणि पाहतों.